बोनिफास सरांचं बिऱ्हाड

‘माझी सोताची काय हरकत न्हाय ओ सर. पण बिल्डिंगमधली बाकीची बिऱ्हाडं हायती न्हवं, त्यांचं कसंय...’ एवढं बोलून भाड्याची घरं दाखवणाऱ्या एजंट विश्वजितनं वाक्य तिथंच सोडलं आणि फोनवर नुसता त्याच्या मोटारसायकलचा फटफटाट ऐकू येत राहिला. प्रसेनजीत राजारामपुरीत आपल्या क्लासच्या जिन्यात उभा होता. वर वर्ग सुरू होता आणि नर्सिंग केलेल्या पोरी एका सुरात जर्मन क्रियापदं म्हणत होत्या. वाक्य असं अर्धवट सोडण्याची रीत त्याच्या चांगली ओळखीची होती. सोडलेलं टोक समोरच्यानं आपणहून उचलायचं, ‘राहू दे मग’ म्हणायचं आणि नकाराचा वाईटपणा बोलणाऱ्याच्या अंगावरून अलगद काढून घ्यायचा. ‘राहू दे मग,’ प्रसेनजीत म्हणाला. ‘दुसरीकडं बघतो की सर, तुमी काळजी करू नका,’ विश्वजित म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका झाल्याचा मोकळेपणा होता, आणि खरं तर मनातून तो पोरगा वाईट नव्हता. फोन खिशात ठेवताना प्रसेनजीतच्या नाकात एकदम डांबरगोळ्यांचा वास आला. जिन्यात डांबरगोळ्या कुठून येणार? खाली झेरॉक्सचं दुकान, वर क्लास, शेजारी दाताचा दवाखाना. पण वास आला तो आलाच.

तो वास अण्णांच्या लग्नातल्या कोटाचा होता. अण्णा म्हणजे त्याचे वडील भाऊसो, कागलजवळच्या खेड्यातले, गावच्या शाळेतून बदली होऊन कोल्हापुरात आलेले मास्तर. बायकोला घेऊन ते खोली शोधायला हिंडले, तेव्हा ऐन उन्हाळ्यात त्यांनी लग्नातला कोट घातला होता. कोट घातलेल्या माणसाला आडनाव विचारायला लोक जरा उशीर लावतात, असा त्यांचा अनुभव. उशीर लावत, पण विचारत. मग ‘आमची हरकत नाही, पण’ असं म्हणून सोडून दिलेलं ते टोक अण्णा उचलत आणि आई त्यांच्या मागून पुढच्या गल्लीत चालू लागे. यातलं काहीच प्रसेनजीतनं पाहिलेलं नव्हतं. त्याचा जन्मही झालेला नव्हता. तरी त्याला त्या गल्ल्या दिसत. कोटाच्या आत घामानं चिकटलेला सदरा त्याच्या स्वतःच्या पाठीला लागे. जन्माच्या आधीची आठवण माणसाला कशी असते, हे त्याला कधी कळलं नव्हतं. ती होती एवढं खरं, आणि आता पन्नाशीच्या उंबऱ्यावर, जिन्यात, फोनवरच्या अर्धवट वाक्यातून ती वर आली होती.

ज्यांच्यासाठी ही जागा शोधायची चालली होती, त्या बोनिफास सरांना त्यानंच आणलं होतं. दुसऱ्या कुणाला दोष देण्याची सोय नव्हती. जर्मनीत नर्सेस पाहिजेत म्हटल्यावर त्यानं हा क्लास काढला. पुण्याहून शिक्षक यायचे, शनिवार-रविवार शिकवायचे आणि दोनचार महिन्यांत काही ना काही निमित्त काढून यायचे बंद व्हायचे. पोरी परीक्षेला बसायच्या आणि बोलण्याच्या पेपरात अडकायच्या. मग त्यानं बाहेरच्या देशात जाहिरात दिली. व्हिडिओवर मुलाखत घेताना पडद्यावर एक कुळकुळीत काळा, पांढऱ्याशुभ्र कडक कॉलरचा, गडगडाटी हसणारा माणूस आला. कॅमेरूनचा. वीस-बावीस वर्षं जर्मन शिकवत असलेला. ‘तुमच्याकडं जर्मन कसं काय?’ असं प्रसेनजीतनं इंग्रजीत विचारलं, कारण त्या दोघांना इंग्रजीशिवाय रस्ता नव्हता. ‘एके काळी जर्मन लोक आमच्यावर राज्य करत होते,’ बोनिफास सर म्हणाले, ‘जाताना घाईत व्याकरण विसरून गेले.’ आणि स्वतःच्याच विनोदाला इतके हसले की पडदा हलला. त्याच क्षणी प्रसेनजीतनं ठरवलं, हाच माणूस. पुढं व्हिसासाठी पत्र द्यायचं झालं, तेव्हा सहीच्या खाली ‘एम्प्लॉयर’ असं टाईप झालेलं बघून तो बराच वेळ त्या शब्दाकडं पाहत बसला. आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले, अण्णांनी सरकारची नोकरी केली, भाऊबंद कबनूरला यंत्रमागावर होते. परमुलखातल्या माणसाला ‘या, मी तुम्हाला काम देतो’ असं म्हणणारा घराण्यातला तो पहिला. त्याला अभिमान वाटला होता. ‘या’ म्हणण्यात ‘कुठं राहाल’ हेही येतं, हे त्या अभिमानात नीट ऐकू आलं नव्हतं.

सर आले आणि स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले. ही सोय चार दिवसांची म्हणून केलेली, ती लांबतच गेली. पोलिसांकडं परदेशी माणसाची नोंद करायची, त्याला राहण्याचा धड पत्ता पाहिजे, भाडेकरार पाहिजे. तिथला हवालदार बिचारा रोज चांगलं बोलायचा, ‘सर, तेवढा पत्ता आणा, मी लगेच करतो.’ आणि प्रसेनजीत रोज फ्लॅट बघत हिंडायचा. सर बरोबर नसले की फ्लॅट रिकामा असे. सर बरोबर असले की मालकाचा मेव्हणा नेमका पुण्याहून राहायला येणार असे. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आफ्रिकेतून खेळाडू आणतात, म्हणून एका मालकानं तर उत्साहानं विचारलं, ‘कुठल्या तालमीकडनं खेळणार? सेंटर फॉरवर्ड काय?’ जन्मात फुटबॉलला पाय न लावलेले बोनिफास सर जर्मन शिकवतात म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. खेळाडू असते तर अख्ख्या पेठेनं खोली शोधून दिली असती. ‘जर्मन? ह्यो?’ एवढंच तो म्हणाला.

पण प्रसेनजीतला खरा त्रास मालकांचा होत नव्हता. त्रास होत होता तो स्वतःच्या बोलण्याचा. दारोदार तो बोनिफास सरांची वर्णनं करत होता. निर्व्यसनी आहेत, देवभोळे आहेत, अगदी शांत आहेत. शांत! जो माणूस जिन्यात हसला तर दातांच्या दवाखान्यातला पेशंट दचकतो, तो शांत. आपण एका भल्या माणसाला उंचीनं, आवाजानं, सगळ्या बाजूंनी थोडं थोडं कापून दाराच्या मापात बसवतो आहोत, असं त्याला वाटे. मग आठवे की अण्णाही हेच करत. ‘आम्ही शाकाहारी आहोत,’ असं ते त्या कोटात उभं राहून सांगत. सुकटीवाचून ज्यांना भाकर गोड लागत नव्हती, ते अण्णा. एका दुपारी एका फ्लॅटचं बोलणं मोडल्यावर बोनिफास सर रस्त्यावर थांबून म्हणाले, ‘तुम्ही त्यांना माझ्याबद्दल काय सांगता, मला कळत नाही. पण तुमचा आवाज बारीक होतो. तसं नका करू.’ मग त्यांनी सरळच सांगून टाकलं, पुण्याच्या एका संस्थेचा फोन आला आहे, त्यांची स्वतःची राहण्याची जागा आहे, सोमवारपर्यंत कळवायचं आहे. ‘मला जायचं नाही. मुली आता बोलायला लागल्यात. पण लॉजच्या खोलीत खिडकीसुद्धा नाही.’ प्रसेनजीतनं मान हलवली. सर गेले असते तर क्लास मोडला असता आणि पोरींचं वर्ष बुडालं असतं. पण त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते वेगळंच होतं. धोंडुबाई व्हायचं होतं मला, असं त्याच्या मनात आलं, आणि तो दचकला.

धोंडुबाईनं अण्णांना खोली दिली होती. लक्ष्मीपुरीच्या मागं, परसात, पत्र्याची. त्यानंतर अण्णांनी स्वतःचं घर बांधलं, हेडमास्तर झाले, तरी दर दसऱ्याचा त्यांचा नेम ठरलेला. सकाळी पांढरे कपडे घालून धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम, आणि संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन, प्रसेनजीतला बोटाला धरून धोंडुबाईकडं. म्हातारी पेढे घेई, पोराच्या गालावरून खरखरीत हात फिरवी, ‘केवढा झालास रं’ म्हणे. लहानपणी त्याला त्याचं काही वाटलं नाही. कॉलेजात गेल्यावर मात्र तो खरखरीत हात गालाला नकोसा झाला. भाडं वेळेवर दिलं की नाही तुम्ही? मग नमस्कार कसला? जे सगळ्यांना सहज मिळतं ते आपल्याला मिळालं, म्हणून जन्मभर वाकायचं? त्यानं हे अण्णांना विचारलं होतं. पुढच्या दसऱ्याला अण्णा एकटेच गेले. आता दोघंही नाहीत. आणि तो मात्र राजारामपुरीच्या गल्ल्यांतून एका माणसासाठी खोली शोधताना, खोली सापडल्यावर तो माणूस आपल्याकडं कसा बघेल, याचं चित्र मनात रंगवत होता. म्हणजे ज्या नमस्काराची त्याला चीड होती, तोच त्याला पाहिजे होता. फक्त आता दुसऱ्या बाजूनं. हे ध्यानात आलं तेव्हा त्याला शरम वाटली, आणि त्या शरमेतही रस्त्यावर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी दिसली की त्याचे पाय आपोआप थांबत.

घरी आल्यावर तो आईजवळ बसला. पारूबाई खुर्चीत पाय वर घेऊन लसूण सोलत होती. ऐंशीला टेकली तरी लसूण सोलायचं काम ती सुनेला देत नसे. त्यानं विचारलं, ‘आई, धोंडुबाईचे उपकार वाटायचे काय गं तुला?’ तिनं सोललेली पाकळी ताटलीत टाकली. ‘उपकार? कसलं उपकार? भाडं देत हुतो की मी. एक तारीख कवा चुकवली न्हाय.’ तो हसला. निदान आई तरी त्याच्या बाजूची निघाली. पण ती थांबली नव्हती. ‘तुझ्या बानं तिला सांगितल्यालं, आमी शाकारी हाय म्हणून. माझं तर तोंड कडू झाल्यालं. तुझ्या वेळचं डोहाळं, आन् सुकटीशिवाय घास उतरंना. एक दिवस ह्यो शाळंत गेला आन् मी दार लावून सुकाट भाजलं. पत्र्याची खोली ती, वास ऱ्हातोय व्हय? दारावर थाप. मी घाबरलो. म्हटलं, झालं, उचला आता बोचकं. दार उघडलं तर म्हातारी. हातात ताटली. म्हनली, व्हय गं, एकटीच खातीस? वाईच मला दे की.’ आई हे सांगताना हसत होती. मग हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले, लसणाचा हात लागला म्हणाली. ‘उंबऱ्यावर बसून खाल्लं बघ तिनं. तवापासनं रोज सांच्याला ताटली घेऊन यायची. भाडं खोलीचं हुतं, बाळा. हे काय भाड्यात न्हवतं.’ एवढी वर्षं ही गोष्ट या घरात होती आणि ती कुणी त्याच्यापासून लपवलीही नव्हती. फक्त त्यानं कधी विचारलं नव्हतं. अण्णा दसऱ्याला खोलीसाठी जात नसत. त्यांच्या बायकोबरोबर उंबऱ्यावर बसून जेवणाऱ्या बाईकडं ते जात होते. प्रसेनजीत आईच्या ताटलीतली पाकळी उचलून कारण नसताना सोलायला लागला, आणि ‘सोललेलीच हाय ती’ म्हणून आईनं त्याच्या हातावर चापट मारली.

दुसऱ्या दिवशी, वर्ग सुटल्यावर, बोनिफास सर त्याच्या केबिनमध्ये आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, ‘मला खोली मिळाली.’ प्रसेनजीतला ऐकू आलं, पण लगेच कळलं नाही. ‘कुणी दाखवली? विश्वजितनं?’ ‘कुणी नाही. माझी मीच. ती इस्त्रीवाली बाई, तिच्या घरात.’ मग त्यांनी हातवारे करत सगळं सांगितलं. क्लासच्या मागच्या गल्लीत बायडाबाई नावाची बाई टेबल मांडून इस्त्री करते. सर कपड्यांच्या बाबतीत फार नाजूक. कॉलरला चुणी पडली म्हणून पहिल्याच दिवशी ते तिच्याशी भांडले, ते इंग्रजीत आणि ती कोल्हापुरीत. दुसऱ्या दिवशी तिनं कॉलर अशी केली की पुठ्ठा वाटावा, तर ती फारच कडक झाली म्हणून ते पुन्हा भांडले. गल्ली जमायची. सर रोज जाऊ लागले, आणि शर्टाला काही खोट नसली की एखाद्या बटणावरून भांडण उकरून काढायचे. काल तिनं क्लासमधल्या एका पोरीला मध्ये घालून विचारलं, ह्यो बाबा राहतो कुठं? लॉजवर म्हटल्यावर ती म्हणाली, पोरगं पुण्याला गेल्यापासनं माझी माडी मोकळीच हाय. प्रसेनजीत हसत हसत ऐकत होता. आणि हसण्याखाली, अगदी तळाशी, काहीतरी टोचलंही. सगळी धावपळ त्यानं केली आणि खोली दिली इस्त्रीवाल्या बाईनं, तीही भांडणातून. त्यानं रंगवलेल्या चित्रात आता त्याला जागाच नव्हती. ते टोचणं त्यानं नीट बघून घेतलं. दातात अडकलेला कण जिभेला लागावा एवढंच ते होतं. आणि मग त्याला फार बरं वाटू लागलं. अंगावरचा जड कपडा काढून ठेवावा आणि वारा लागावा तसं. सर राहणार होते. आणि सरांना कुणासमोर वाकायचं नव्हतं, त्याच्यासमोरसुद्धा.

भाडेकरारावर सही करायला तो दौलतनगरला तिच्या घरी गेला. खाली दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना, वर माडी. बायडाबाई साठीची, काटक, मनगटावर जुन्या भाजल्याचा डाग असलेली. कागद पुढं ठेवून तिनं विचारलं, ‘हितं तुमचं बी नाव लागतंय न्हवं? पुरं सांगा, आडनावासकट.’ अण्णांचा कोट त्याच्या खांद्यावर आला. त्यानं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत थांबला. ती ओठ हलवत जुळवत होती. ‘प्र... परशिन... लई अवघड नाव ठेवलंय की ओ तुमच्या आईनं! ह्या बाबाचं त्याच्यापरास सोपं.’ आणि तिनं कागदावर अंगठ्यासारखी ठळक सही ठोकली. ‘मावशी,’ त्यानं न राहवून विचारलं, ‘गल्लीत कुणी काही म्हणालं नाही?’ ‘म्हनलं की. का म्हननार न्हाईत? मी म्हटलं, घर माझं हाय.’ ‘लई उपकार झाले बघा तुमचे.’ हे शब्द त्याच्या तोंडून गेले आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. ‘उपकार कशापायी? भाडं घेनार हाय मी. आन् खरं सांगू? पोरगं गेल्यापासनं घरात भांडायला कोन न्हाय. माणूस भांडला न्हाय तर मुकं व्हतंय ओ.’

पुढच्या रविवारी सरांनी त्याला चहाला बोलावलं. संध्याकाळ अजून उजेडात होती. माडीला दोन खिडक्या होत्या, एका खिडकीत शर्ट हँगरला लावलेले, दुसरीतून खालच्या गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा दंगा येत होता. सरांनी त्याला एकुलत्या एक खुर्चीत बसवलं आणि स्वतः पलंगावर बसले. आल्याचा दणदणीत चहा केला होता, ताटलीत भाजलेले शेंगदाणे. प्रसेनजीत सवयीनं खोलीभर नजर फिरवत होता. पंखा चालतो का, नळाला पाणी येतं का, काय कमी आहे, उद्या काय पाठवायचं. काहीच कमी नव्हतं. बोनिफास सर त्याच्याकडं बघत होते. ‘तपासायला आलात काय?’ ते म्हणाले. ‘नाही, नाही.’ ‘मग चहा प्या. पहिल्या रात्री इथं चहा केला आणि सवयीनं दोन कप झाला. घरी बायको असते. दुसरा कप कुणाला द्यायचा ते कळेना. घर असून पाहुणा नसला की ते लॉजच असतं. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, बरं वाटलं. आभारी आहे.’ यावर द्यायचं उत्तर प्रसेनजीतजवळ तयार होतं. मालकानं नोकराला द्यायचं असतं ते, नम्र, इंग्रजीतलं. पण सर नोकरीबद्दल बोलत नव्हते, खोलीबद्दलही नव्हते. तो आला, एवढ्याचेच आभार होते. त्याला एकदम वाटलं की आपण या शहरात जन्मलो, वाढलो, इथंच क्लास काढला, आणि इथं कुणी आपल्याला ‘तुम्ही आलात, बरं वाटलं’ असं इतकं साधं म्हटलेलं आठवत नाही. म्हटलंही असेल. आपण दारातल्या प्रश्नाची वाट बघत उभे होतो, म्हणून ऐकू आलं नसेल. डोळ्यांत पाणी येईल की काय असं वाटून त्यानं शेंगदाण्यांची मूठ भरली. ‘मी पण आभारी आहे,’ तो म्हणाला, आणि ते इंग्रजीत पुरेना म्हणून मराठीत पुन्हा म्हणाला. ‘कसं, कसं?’ सरांनी शिक्षकाच्या उत्सुकतेनं कान पुढं केला. ‘आ-भा-री आ-हे.’ सरांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, व्यंजनं तपासली, मग उठून दारात गेले आणि जिन्यावरून खाली, अख्ख्या दौलतनगरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, ‘मावशी! आभारी हाय!’

खालून बायडाबाईचा आवाज जिना चढून आला. ‘आभार ऱ्हाऊ दे तुजं! आधी मोटर बंद कर की, टाकी भरून पानी सांडाय लागलंय! सांगितल्यालं न्हाय सकाळी?’ ‘व्हय की!’ सर ओरडले, हातातला कप पलंगावर ठेवला आणि आपले पॉलिश केलेले बूट पाण्यापासून सांभाळत लोखंडी जिना दणादणा उतरून गेले. खाली लगेच भांडण जुंपलं. एक आवाज कोल्हापुरीत, दुसऱ्यात तीन-चार भाषा. आणि वर माडीवर, आपणच नोकरीवर ठेवलेल्या माणसाच्या घरात, एकुलत्या एक खुर्चीत प्रसेनजीत एकटा बसला होता, आणि तोंडातले शेंगदाणे आवरत, पोट धरून, मोठमोठ्यानं हसत होता.